गोधडीवरची नदी

माझे वडील आर्णीला कपडे शिवायचे. बाजाराच्या रस्त्यावर, एका धान्याच्या दुकानाच्या ओट्यावर त्यांची दोन मशीनं होती, एक नवं आणि एक जुनं. मी चौथी पास झाले आणि शाळा सुटली. मग मी त्या ओट्यावर काजं करायला, बटणं लावायला बसू लागले.

गावात नवे कपडे शिवणारे थोडे, जुने दुरुस्त करून नेणारे जास्त. कोटाचं कोपर फाटलं, धोतराला खिळा लागला, की लोक रफू करायला आणत. वडील हे रफू जुन्या मशीनवर करत. मशीनमध्ये सुईखाली बारीक दाते असतात, ते कापड पुढं ओढतात. त्या दात्यांवर वडील पत्र्याची एक लहान पत्री बसवत आणि कापड दाबून धरणारा लोखंडी पाय काढून ठेवत. मग कापड मोकळं व्हायचं. त्याला पुढं, मागं, आडवं, गोल, कुठंही नेता यायचं.

मला त्यांनी हे शिकवलं तेव्हा म्हणाले, "आता सुई नुसती वर-खाली होईन. कापड कुठं न्यायचं ते तू पाह्य. पन हात आन पाय एका चालीनं चालले पाह्यजे. हात पुढं पयाला तर टाका लांब पडते. पाय पुढं पयाला तर खालून धाग्याचा गोया होते."

माझे गोळेच व्हायचे. पिठाच्या रिकाम्या थैल्यांवर मी कितीतरी दिवस नुसत्या रेघा मारल्या. मग एक दिवस हात आणि पाय जुळले. मला वाटलं, मी सुईनं लिहीत आहे.

आईच्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी घरात अर्धवट पडली होती. सगळ्या बायका गोधडी हातानं शिवतात, कडेपासून सुरू करून आत आत, एकापुढं एक सरळ टाके. मी ती मशीनवर घेतली. चार-पाच पदर होते. दोन्ही बाजूंनी गुंडाळी करून ती मशीनच्या दांड्याखाली सारली आणि मधूनच सुरुवात केली. खडूची रेघ नाही, काही नाही. एक वेल काढली आणि ती धागा न तोडता गोधडीभर फिरवली. दोन सुया मोडल्या. वडिलांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे शिंप्याचं काम नाई." पण पुढचे काही दिवस ती गोधडी त्यांनी ओट्याच्या खांबावर टांगून ठेवली होती.

छप्पन साली आपला भाग मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासर बोरी अरबचं. वडिलांनी ते जुनं मशीन माझ्यासोबत दिलं. बैलगाडीत कडब्यावर ठेवून, दोरीनं बांधून ते बोरीला आलं.

घरात आम्ही तिघंच. मी, नवरा आणि सासू. सासरे आधीच गेले होते. सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्या कमी बोलायच्या. मशीन ओसरीत ठेवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "याचा आवाज दिवसभर राहीन का?"

नवऱ्याला मात्र त्या मशीनचं वेड लागलं. त्याचं शेतात मन नव्हतं. कापसाच्या जिनात इंजिन सुरू असलं की हा तिथं जाऊन उभा राहायचा. आता घरातच चाक आलं होतं. त्यानं मशीन पूर्ण उघडलं, रॉकेलनं धुतलं, तेल घातलं, पट्टा आवळला. गोधडीचं ओझं डाव्या बाजूनं खाली ओढलं जातं आणि सुई वाकते, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं कडुनिंबाची एक फळी रंधून मशीनला जोडून दिली, गोधडी तिच्यावर टेकावी म्हणून. मला इतकं कुणी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे मला काय अडतं, हे कुणी पाहिलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात मी आमच्यासाठी गोधडी करायला घेतली. खालून सासऱ्यांचं धोतर, मध्ये फाटकी लुगडी, वरून आत्याबाईंचं विटलेलं निळं लुगडं आणि कडेनं हिरव्या ठिगळांची पट्टी. ठिगळं मी ओसरीत पसरून चार वेळा बदलली. मग वर काय काढायचं ते ठरेना. वेल मी पुष्कळदा काढली होती.

नवरा म्हणाला, "अडाण काढ."

अडाण नदी आमच्या शेताच्या खालून जाते. मी ती लग्न होऊन आल्यापासूनच पाहत होते, त्यानं ती जन्मापासून पाहिली होती. मी मशीनवर बसले की तो बाजूला उकिडवा बसून सांगायचा. "इथी वळन आहे. इथी डोह. हळू ने, डोहात पानी हलत नाई." मी डोहात बारीक, दाट गोल टाके घालायची. "इथी वाळू." तिथं मी टाका मोकळा सोडायची. एका कोपऱ्यातून नदी आली आणि सगळी गोधडी फिरून दुसऱ्या कोपऱ्यातून गेली. मध्ये धागा तुटू द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. बॉबिन संपली की त्याच भोकातून नवा धागा उचलायची, सांधा दिसत नसे.

आत्याबाईंनी ती हातात घेऊन उलटी करून पाहिली. "टाके बरे हायेत," म्हणाल्या.

दिवाळी झाली आणि शेत वाट्यानं देऊन नवरा राजूरला गेला. वणीकडं, कोळशाच्या खाणीवर. तिथं कोळशाच्या गाड्या दोरानं वर ओढणारं इंजिन होतं, त्यावर मदतनीस म्हणून त्याला घेतलं. जाताना त्यानं ती गोधडी गुंडाळून सोबत नेली. "तिथी खोली भेटली का तुले नेतो," म्हणाला.

पहिलं वर्ष तो पोळ्याला आला, दिवाळीला आला. आला की कोळशाचा वास यायचा. दुसऱ्या वर्षी फक्त दिवाळीला. खोली मिळाली का, मी विचारलं. "चारजनात एक खोली हाय," म्हणाला. तिसऱ्या वर्षी आलाच नाही, चिठ्ठी आली. मला मूल नव्हतं. त्याबद्दल आत्याबाई मला कधी बोलल्या नाहीत, पण शेजारणीचं लेकरू मांडीवर घेतलं की त्या माझ्याकडं पाठ करून बसायच्या.

गावातल्या बायका माझ्याकडं गोधड्या शिवून घेऊ लागल्या होत्या. कुणाला मोर हवा, कुणाला तुळस. मी देत होते. पण नदी मी दुसऱ्या कुणाला काढून दिली नाही.

चौथ्या वर्षी आत्याबाईंना ताप आला, तो महिनाभर उतरला नाही. उठून बसल्या तेव्हा म्हणाल्या, "मले त्याले पाह्यचं हाय." मी भाकरी बांधल्या. यवतमाळला मोटार बदलली, वणीला बदलली. राजूरला उतरलो तेव्हा दुपार होती. एकीकडं चुन्याच्या भट्ट्यांची पांढरी धूळ आणि दुसरीकडं कोळशाची काळी. विचारत विचारत मजुरांच्या चाळीपाशी आलो.

मी खोली ओळखली ती गोधडीवरून. दारासमोर दोरीवर ती वाळत होती. निळा रंग आणखी विटला होता, पण नदी जशीच्या तशी होती. मला बरं वाटलं. मी जवळ जाऊन तिच्यावरून हात फिरवला.

आतून एक बाई आली. माझ्याच वयाची, सावळी, उंच. कडेवर वर्षभराचं लेकरू. तिनं आधी आत्याबाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बोरीच्या ना तुमी?" ती म्हणाली. "या ना, उनात काहून उभ्या? ते पाळीवर गेले, येतीन आता. ह्या आई. आन तुमी त्याईच्या बहीन. गोधडी तुमीच शिवली म्हनत होते."

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या लेकराकडं पाहत होत्या. त्यांच्या तोंडावर असं काही मी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केले आणि लेकरू त्यांच्याकडं गेलं.

ती बाई माझ्या उत्तराची वाट पाहत होती.

"हो," मी म्हणाले. "मीच शिवली."

हे मी का म्हणाले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. भांडायला लागणारं काहीतरी माझ्यात त्या क्षणी नव्हतंच. आम्ही आत बसलो. तिनं चहा केला, गुळाचा. बोलता बोलता सांगितलं की तिचा पहिला नवरा याच खाणीत गेला, छत कोसळून. सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं नाही.

नवरा आला तो तोंडानं, हातानं काळा. दारात थबकला. मी मान वर केली नाही. मला त्याचे पाय तेवढे दिसले.  त्यानं अंघोळ केली, लेकराला घेतलं, परत आत्याबाईंकडं दिलं. संध्याकाळची मोटार होती. तो आम्हाला पोचवायला आला.

आत्याबाई पुढं चालत होत्या. मी विचारलं, "तिले तुमी काय सांगतलं?"

"एकटी होती ते."

"मी बी एकटीच होती."

तो दोन पावलं पुढं झाला. मग म्हणाला, "मी सांगनार होतो."

"कवा?"

 मोटारीपाशी आल्यावर तो आत्याबाईंना म्हणाला, "आई, तू समजाव इले." आत्याबाई म्हणाल्या, "मी काय समजावू?" आणि मोटारीत चढल्या.

बोरीला आल्यावर ही गोष्ट लपली नाही. शाळेचे गुरुजी घरी येऊन सांगून गेले की आता कायदा झाला आहे, एक बायको असताना दुसरी करता येत नाही, यवतमाळला वकिलाकडं जा. ते गेल्यावर आत्याबाई चुलीपुढं बसून म्हणाल्या, "तू गेली तर त्याले कैद होईन. मंग त्या लेकराले कोन? आन मले कोन?" मला कोण, हे त्यांनी विचारलं नाही. मी यवतमाळला गेले नाही.

आर्णीला गेले. वडील आदल्याच वर्षी वारले होते, ओट्यावर भाऊ बसत होता. दोन महिने राहिले. एक दिवस भाऊ म्हणाला, "तुह्यं मशीन तिथी पडूनच हाय ना? ते घेऊन येजो." वहिनी खाली मान घालून तांदूळ निवडत होती. मशीन आणलं तर मला जागा आहे, नाहीतर नाही, एवढं मला कळलं. आणि मशीन आणून त्याच्या ओट्यावर ठेवलं की ते माझं राहणार नाही, हेही कळलं. दुसऱ्या दिवशी मी बोरीला परतले. आत्याबाईंनी पाट पुढं सरकवला आणि भाकरी वाढली.

त्यानंतर नवरा वर्षातून एकदा यायचा, त्या मुलाला घेऊन. मुलगा मला आत्या म्हणायचा. त्याला तसं शिकवलं होतं आणि मीही ते मोडलं नाही. लेकराला काय सांगणार?

पुढं तिला मुलगी झाल्याची चिठ्ठी आली. आत्याबाईंनी आपलं एक धुवट, मऊ लुगडं पेटीतून काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "पोरीले एक दुपटं शिवून दे," म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, "नाई दिलं तरी चालते."

मी दिलं. दोन बोटांच्या अंतरावर सरळ रेघा मारायच्या आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून बसले होते. पण सवयीनं पत्री बसवली गेली, पाय काढला गेला. सुरू केलं आणि हात-पाय जुळेनात. धागा खालून गोळा व्हायचा, उसवायची, पुन्हा गोळा. दुपारभर मी नवशिक्या पोरीसारखे गोळे काढत बसले होते. शेवटी सुई डाव्या हाताच्या बोटात नखातून आरपार गेली. आत्याबाईंनी चाक उलटं फिरवून बोट सोडवलं, हळद दाबली. रक्ताचा डाग लुगड्यावर पडला होता. त्यांनी तो धुतला आणि राहिलेलं दुपटं स्वतः हातानं शिवून पुरं केलं.

खाणीत इंजिनचा दोर तुटला तो त्यानंतर दोन वर्षांनी. तुटलेल्या टोकाचा फटका नवऱ्याच्या पायावर बसला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आम्हाला कळलं तेव्हा तो दवाखान्यातून खोलीवर आला होता.

आणि मग एक दिवस ती आली. दोन्ही लेकरं शेजारणीकडं ठेवून, एकटी. ओसरीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मले मशीन शिकवा. दुसरं काई मले येत नाई."

आत्याबाई उठून मागच्या अंगणात गेल्या.

ती पंधरा दिवस राहिली. पहाटे उठून माझ्याआधी अंगण झाडायची. शिकायला ती हुशार होती. पायडल उलटं न जाऊ देता मारायला मला महिना लागला होता, ती दोन दिवसांत शिकली. परकर शिवला, झबलं शिवलं, चोळीचं बेतणं मी तिला कागदावर कापून दाखवलं. काम करताना आम्ही एकमेकींशी चांगलं बोलायचो. खोटं कशाला सांगू, त्या पंधरा दिवसांत मला एकटं वाटलं नाही.

शेवटी शेवटी ती म्हणाली, "वन्सं, ते नदीवानी टाके कसे घालता? तेवढं शिकवा ना."

नवऱ्याच्या बहिणीला म्हणतात तसं ती मला वन्सं म्हणायची. रोज म्हणायची. त्या दिवशी मला ते सोसलं नाही.

"मी त्याची बहीन नाई," मी म्हणाले.

तिनं कापड खाली ठेवलं. "मले माहीत हाय."

"कवापासून?"

"तुमी राजूरले आलत्या ना, तवाच. तुमी गोधडीवून हात फिरवला. आन ते आले तर तुमी त्याईच्याकडं पाह्यलंच नाई. बहीन असती तर पाह्यलं असतं."

"मंग वन्सं काहून म्हनते?"

"दुसरं काय म्हनू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं. खरंच तिला दुसरा शब्द माहीत नव्हता आणि मलाही नव्हता.

 मग मी पत्री काढली, दात्यांवर बसवली आणि तिला दाखवलं. हात आणि पाय एका चालीनं, म्हणून सांगितलं. तिनं प्रयत्न केला. तिला ते जमलं नाही. "राहू द्या," ती म्हणाली. "लोकायले सरळच शिलाई लागते."

जायच्या दिवशी ती मशीनबद्दल बोलली नाही. मशीन न्यायला मीच शेजाऱ्यांची गाडी सांगितली होती. दोन बायांच्या घरात मोर आणि तुळस काढायला मशीन असावं आणि एका पायाच्या घरात दोन लेकरं उपाशी राहावीत, हे मला पटत नव्हतं. हा माझा मोठेपणा नव्हता. ज्याच्यासाठी ते जपावं असं माझ्याजवळ काही राहिलं नव्हतं. तिनं माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरकले, पण तिनं लावलाच. "धंदा जमला का परत आनून देईन," म्हणाली. मशीन परत आलं नाही आणि मी मागितलं नाही.

मशीन गेल्यावर मी हातानं गोधड्या शिवू लागले. एकदा हातानंच नदी काढून पाहिली. टाका वळणावर अडत होता, डोह चौकोनी होत होता. उसवून टाकलं. मोर आणि तुळस मागणाऱ्या बायका हळूहळू यायच्या बंद झाल्या. सरळ टाक्यांची गोधडी तर प्रत्येकीला घरीच येत होती.

आत्याबाई दोन वर्षांनी, कार्तिकात गेल्या. शेवटचे काही दिवस त्या लेकाला हाका मारत होत्या. मी हात धरून बसले होते. मधूनच त्या मला त्याच्या नावानं हाक मारायच्या आणि मी ओ द्यायची.

तो कुबडीवर आला. त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते, बोलताना दम लागत होता. तेराव्या दिवसापर्यंत राहिला. मी त्याला जेवू घातलं, अंघोळीचं पाणी काढून दिलं, परक्या माणसाला देतात तसं, आणि त्यानं ते तसंच घेतलं. सगळं उरकल्यावर तो ओसरीत बसला होता. म्हणाला, "इथी एकटी कायले राह्यते? तू बी चाल तिथी. ती म्हनते का घेऊन या."

"तिथी मी कोन?" मी विचारलं.

तो बराच वेळ कुबडीचं टोक जमिनीवर फिरवत राहिला. त्याला उत्तर सापडलं असतं तर मी गेले असते की नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. बहुतेक गेले असते. पण त्याला ते सापडलं नाही. दुपारच्या मोटारीनं तो निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी कापूस वेचायला जाऊ लागले. शेजारच्या शेतात वेचणी जोरात होती आणि बायका कमी पडत होत्या. तिथं मी कोण, हे कुणी विचारलं नाही. मला कपाशीची एक ओळ दिली, मी तिच्यात उभी राहिले.